एका ओवीचे ११ सेकंद

बसा. पाठ सैल सोडा.

हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी नर्सी आहे. नामदेव महाराजांचं जन्मगाव. परंपरा साल सांगते १२७०. या पट्ट्यात गावोगाव सप्ताह बसतात. अशाच एका गावच्या मंदिरात, सकाळच्या पारायणाला, आज मनानं जाऊन बसू.

पायाखाली सतरंजी आहे. काकडा होऊन गेला आहे. वाऱ्यावर शिजवलेल्या हळदीचा वास येतो. समोर ठवणी, ठवणीवर ज्ञानेश्वरी उघडी.

त्या पानाकडे पाहा. वाचू नका अजून. नुसतं पाहा.

काळी अक्षरं. अक्षरांच्या डोक्यावरून जाणारी रेघ. शब्द संपतो, रेघ तुटते. पुन्हा सुरू होते.

श्वास आत. श्वास बाहेर.

व्यासपीठ चालकांचा आवाज माईकवरून येतो. त्यांच्यामागे रांगेनं बसलेले सगळे वाचक. सात दिवसांत १८ अध्याय, सुमारे ९,००० ओव्या. जो पहिल्यांदाच बसला आहे त्याला हा वेग धाप लावतो. बोट ओळीवर मागे पडतं. अर्थ त्याच्याही मागे.

पडू द्या मागे. बोट उचला. हात मांडीवर ठेवा.

एक हिशेब करू, घाई न करता. रोज ४ तास वाचन धरलं, तर एका ओवीच्या वाट्याला साधारण ११ सेकंद येतात.

११ सेकंद. तेवढा वेळ आता काहीच वाचू नका.

एक श्वास येतो, जातो. दुसरा येतो. बाहेर कुणी हंडा टेकवतं, त्याचा आवाज. दुसराही जातो. तिसरा सुरू होतो.

एवढी जागा आहे एका ओवीला. लांबून जी घाई वाटत होती, तिच्यात दोन श्वास आरामात बसतात.

पुन्हा पानाकडे या. नजर पहिल्या अक्षरावर ठेवा. तिथून ओळीच्या शेवटापर्यंत ती जाऊ द्या, आणि ती कशी जाते ते बघा.

ती सलग सरकत नाही. खळ्यावर चिमणी दाणे टिपते तशी ती टेकते, उडते, टेकते. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांनी १८७९ साली वाचणाऱ्या डोळ्यांच्या या उड्यांबद्दल लिहिलं. एकेक टेकणं जेमतेम पाव सेकंदाचं असतं. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. अक्षर दिसतं ते नजर टेकल्यावर.

म्हणजे भराभर वाचणाराही थांबत थांबतच वाचत असतो.

या टेकण्यापाशी जरा राहा.

नजर कधी मागेही उडते. सराईत वाचकाचीही उडते. मागे गेली की विचारा: काही निसटलं म्हणून गेली, की नुसत्या धास्तीनं? निसटलं असेल तर जाऊ द्या, घेऊन येऊ द्या. धास्ती असेल तर श्वास सोडा. नजर आपली आपण पुढे येते.

आता हलक्या आवाजात वाचा. एकच ओवी.

जिभेवर एक शब्द आहे, आणि नजर? ती एकदोन शब्द पुढे पोचलेली आहे. पुढचं पाहून ठेवते, मागचं आवाजाच्या हवाली करते. मधे एक लहानशी फट उरते.

त्या फटीत कान लावा. मला वाटतं, समजणं तिथंच घडतं. शब्द दिसला आहे, अजून बोलला गेलेला नाही. तेवढ्यात तो शेजारच्या शब्दांना जोडला जातो. घाबरलेल्या वाचनात ही फट बुजते. नजर आणि जीभ एकाच अक्षरावर अडकतात.

तीच ओवी पुन्हा. या वेळी शब्द मोजू नका, चरण घ्या. तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड. तीनदा पाऊल पडतं, चौथ्याला विसावा. प्रत्येक चरण एकाच कवेत घ्या. आखूड चरणापाशी श्वास सोडा.

पुन्हा.

आणि पुन्हा.

वेग वाढतोय का? बघू नका तिकडे.

वेगाचंच बोलायचं तर, नर्सीला गुरुद्वाराही आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. त्या ग्रंथाची पानं १,४३०. अखंड पाठात एकामागून एक पाठ वाचणारे बसतात आणि ४८ तासांत तो पूर्ण होतो. पानाला साधारण २ मिनिटं. तोच ग्रंथ सहज पाठात ज्याच्या त्याच्या सवडीनं, महिनोन्‌महिने वाचला जातो. दोन्ही वाचनं एकाच ग्रंथाची, दोन्ही श्रद्धेची. मला हे फार मोलाचं वाटतं.

इथेही सप्ताहाचा वेग एक, आणि घरी दिवा लावून वाचलेल्या चार ओव्यांचा वेग वेगळा. आज सावकाश वाचलेली ओवी पुढच्या सप्ताहात ओळखीची होऊन भेटते. नजर तिच्यावर कमी वेळ टेकते. जुने वाचक चालकांच्या बरोबरीनं चालतात ते यामुळे. त्यांनी नजर पळवलेली नाही. ते वर्षानुवर्षं त्याच वाटेनं आले आहेत.

आता ओठ मिटा. मनात वाचा.

आत एक आवाज आहे. तुमचाच. जलद वाचायचं तर हा आवाज बंद करा, असं सांगणारे भेटतात. तो बंद करू नका. अवघड मजकुरात तो दाबला की समज उणावते. त्याला चालू द्या, ऐका. सोप्या ओळीवर तो आपणच पुसट होतो. अवघड ओवीवर पुन्हा ठळक होतो.

कुठे पुसट झाला? कुठे ठळक?

तेवढंच ऐका.

उद्यासाठी बारावा अध्याय घ्या. आटोपशीर आहे, अडीचशेच्या आत ओव्या. अठराव्यात सुमारे १,८०० आहेत. त्याला घाई नाही. बाराव्यातल्या १० ओव्या सावकाश वाचा, मग त्याच १० चरणाच्या चालीनं. मग पोथी मिटा.

घरात ज्यांना बसवत नाही, मंदिरापर्यंत चालवत नाही, अशी आजी असेल, काका असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसा. ते विचारतील, आज पोथीत काय आलं? पोथी न उघडता तुमच्या बोलीत सांगा. सांगता आलं तर परवा पुढच्या १० घ्या. अडलात तर त्याच १०.