पिकणे आणि लाल होणे

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, हैदराबाद-सोलापूर हमरस्त्यावर, राजेश्वर हे गाव आहे. येथे मराठी व कानडी दोन्ही कानी पडतात, आणि टोमॅटोला आम्ही टमाटेच म्हणतो. पावसाळा सरताना रोपे लावली तर नाताळाच्या सुमारास झाडे फळांनी वाकतात. आमच्या परसातही अशी आठ-दहा झाडे असतात. त्या झाडांपाशी आम्हांला एक प्रश्न पडला. तो शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे ठेवावा असे वाटते. दुसऱ्याच्या आत्मिक वाढीची घाई करण्याचा अधिकार आम्हांला आहे काय?

एके वर्षी मंडळीचा उपकारस्तुतीचा सण चार-पाच दिवसांवर आला, आणि आमची फळे अजून हिरवीच होती. देवाच्या घरी पहिली फळे न्यावयाची, तीही ताटात शोभतील अशी लालभडक, ही आमची हौस. ऊन लागावे म्हणून आम्ही झाडांची पाने खुडली. झाले उलटेच. उघडी पडलेली फळे उन्हाने भाजून पांढरी पडली. टोमॅटो पिकावयास ऊन लागत नाही, बेताची ऊब लागते, हे आम्हांला मागाहून कळले. मग मोठी दिसणारी हिरवी फळे तोडून आम्ही गवतात झाकून ठेवली. सणाच्या दिवशी काही फळे लाल निघाली. काही मात्र फिकट, सुरकुतलेली, बेचव. एकाच झाडावरून एकाच दिवशी तोडलेल्या फळांत हा भेद का व्हावा?

कारण असे. फूल धरल्यापासून फळ पूर्ण भरावयास साधारण पाच-सहा आठवडे लागतात. भरलेले फळ आपल्या आतच इथिलीन नावाचा वायू अधिक प्रमाणात तयार करू लागते, आणि पुढे काही दिवसांत लाल होते. असे फळ तोडले तरी अंधारातसुद्धा पिकते. कोवळे फळ तोडले तर कितीही झाकून ठेवा, ते नीट पिकत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच हिरवी. ओळखण्याची एक खूण आहे. धारदार सुरीने फळ कापले असता भरलेल्या फळातले बी बुळबुळीत गरात सरकून सुरी चुकविते. कोवळ्या फळातले बी कापले जाते. पण परीक्षा घेतली की ते फळ हातचे गेले!

हे कळले तेव्हा आम्हांला एक मुलगा आठवला. आमच्या शब्बाथशाळेत तो तेरा वर्षांचा होता. सुवर्णवचने तोंडपाठ, आवाज खणखणीत. आम्ही त्याला मंडळीपुढे उभे करून साक्ष द्यावयास लावले. काय बोलावे तेही बरेचसे आम्हीच शिकविले होते. मंडळीला आनंद झाला. शिक्षक म्हणून आमचीही वाहवा झाली. दोन-तीन वर्षांनी तो उपासनेस येईनासा झाला. वाटेत गाठून विचारले तेव्हा म्हणाला, "सर, ते सगळं तुमचं होतं. माझं अजून काहीच नव्हतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागले. पुष्कळ दिवस आम्ही सिनेमाला आणि संगतीला दोष देत राहिलो. खरे पाहता आम्हांला ताट शोभविण्यापुरता रंग हवा होता.

आंबे, केळी कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकविणाऱ्या व्यापाऱ्याला आपण नावे ठेवतो. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात, आणि २०११ सालच्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याच्या वापरास बंदी आहे. परंतु टाळ्या, बक्षिसे, आईबापांची प्रतिष्ठा आणि नरकाची भीती ही आमच्या मंडळ्यांतील कार्बाइडच होत. त्यांना बंदी करणारा कायदा नाही.

कोणी म्हणेल, मग शिक्षकाने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायातील शेतकऱ्याला बी कसे वाढते हे कळत नाही, तरी पेरणी त्यालाच करावी लागते. लूकाच्या तेराव्या अध्यायातील माळी वांझ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागतो; त्या वर्षात तो भोवती खणणार आणि खत घालणार आहे. वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे. टोमॅटोच्या झाडाला काठीचा आधार द्यावा लागतो. पाणी नेमाने द्यावे लागते. कित्येक दिवस कोरडे ठेवून एकदम पाणी सोडले तर फळे तडकतात. वर्षभर मुलांची विचारपूस न करता मे महिन्याच्या शिबिरात सगळे ओतू पाहणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. मुलाचे खेळ, मित्र, त्याच्या शंका, ही त्याची पाने आहेत. ती खुडू नयेत. आणि भरलेल्या हिरव्या फळांजवळ एक पिकलेले फळ ठेवले तर त्याच्या वायूने ती लवकर पिकतात. मंडळीतील एखादी वृद्ध प्रार्थनाशील बाई मुलांजवळ नुसती बसली तरी पुष्कळ काम होते.

रंग आणणे मात्र आमच्याकडे नाही. कोणते फळ भरले आहे हे जाणण्यासाठी मनुष्याला ते कापावे लागते. शमुवेलाला इशायाच्या घरी शिकावे लागले की, न कापता आत पाहणारा एकच आहे.

तोडलेले कोवळे फळ देठाला पुन्हा लागत नाही. मग त्या मुलाचे काय? येथे टोमॅटोचा दृष्टांत अपुरा पडतो, आणि याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने तोडलेल्या फांद्यांचीही आशा सोडलेली नाही. देव त्यांचे पुन्हा कलम करू शकतो असा त्याचा विश्वास आहे. त्याच आशेने आम्ही अधूनमधून त्या मुलाच्या घरी जातो. त्याची क्षमा मागितली आहे. वचने विचारीत नाही. यंदा परसातले टमाटे नेऊन दिले, चहा घेतला आणि परतलो. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातील मुलांना रविवारी पाहाल तेव्हा आधी स्वतःला विचारा: आपणांला फळ हवे आहे, की ताट?