खरं, पण वेळेवर

संगणकशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं की आमच्या विभागात एकच प्रश्न अनेक तोंडांनी येतो: "मॅडम, एमसीए करू की एम.एस्सी.?" विचारणारी मुलं धरणगाव, पारोळा, चोपडा, शिंदखेडा, साक्री अशा तालुक्यांतून जळगावला आलेली असतात. पुष्कळांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेलं हेच पहिलं माणूस. कापसाला काय भाव मिळाला यावर वर्षाच्या फीचं गणित बसतं. अशा घरात माझं उत्तर चार मतांपैकी एक मत राहत नाही, त्यावरच निर्णय होतो. म्हणून प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याआधी मला स्वतःला काही प्रश्न विचारायचे आहेत आणि त्यांची उत्तरं आडपडदा न ठेवता द्यायची आहेत.

पहिला प्रश्न स्वार्थाचा. मी विनाअनुदानित विभागात शिकवते. आमच्याकडे एम.एस्सी. आहे. तिच्या जागा भरल्या तर विभाग चालतो आणि विभाग चालला तर माझी नोकरी टिकते. वर्गातली हुशार मुलगी समोर बसून विचारते, तेव्हा ही जाणीव माझ्या मनात असतेच. ती बोलण्यात शिरायला खोटं सांगावं लागत नाही, तपशिलाचं माप थोडं कमी-जास्त केलं की पुरतं. आपला अभ्यासक्रम विषयांसह, शिक्षकांसह, आपुलकीने सांगायचा आणि उरलेलं सगळं "बाहेरही बरेच पर्याय आहेत" एवढ्यावर आटोपायचं. या वाक्यात असत्य काहीच नाही, तरीही ते प्रामाणिक नाही. ज्या वाटेने विद्यार्थी आमच्यापासून दूर जाईल, ती वाटही मी तेवढ्याच बारकाईने सांगायला हवी. ही कसोटी मी स्वतःला लावते.

मग तो बारकावा काय आहे? एमसीए हा एआयसीटीईच्या कक्षेतला व्यावसायिक अभ्यासक्रम. २०२०-२१ पासून तो तीनऐवजी दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यायची, मग कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, कॉलेज मिळवायचं. पदवीला खुल्या गटासाठी किमान ५० टक्के आणि राखीव गटांसाठी ४५ टक्के गुण हवेत. परीक्षेत गणित, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वं, सगळंच येतं. एम.एस्सी.चा कारभार विद्यापीठाकडे. १९९० साली स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या विद्यापीठात संगणकशास्त्राची स्वतंत्र प्रशाळा आहे आणि खान्देशातल्या काही महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम चालतो. विषयात खोल जायचं असेल, पुढे शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल, तर ही वाट चांगली. एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक होता येतं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात शिकवायचं तर मात्र अभियांत्रिकीच्याच दोन्ही पदव्या लागतात. आणि नेट-सेट झालेली कितीतरी माणसं तासिका तत्त्वावर वर्षं काढतात, हे सांगताना माझी जीभ अडखळू नये, कारण तो अनुभव माझ्या आजूबाजूलाच आहे.

खान्देशाबाहेर पाहिलं तर राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या, म्हणजे एनआयटींच्या, एमसीएसाठी निमसेट ही वेगळी परीक्षा आहे. त्यातल्या १२० प्रश्नांपैकी ५० गणिताचे. भोपाळच्या एनआयटीत एमसीए आहे आणि भुसावळहून भोपाळला थेट गाड्या आहेत. तरीही आमच्या मुलांच्या बोलण्यात पुणे येतं, भोपाळ येत नाही. दिल्ली विद्यापीठात सीयूईटी-पीजी देऊन एम.एस्सी. किंवा एमसीएला जाता येतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट स्वतःची प्रवेश परीक्षा घेते आणि तिथल्या संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.चा पाया गणिताचा आहे. आयआयटीच्या जॅम परीक्षेत गणिताची, संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका असते, संगणकशास्त्राची नसते. हे माहीत नसल्याने मुलं चुकीच्या परीक्षेची तयारी सुरू करतात. सी-डॅकचा पीजी-डॅक हा नोकरीसाठी उपयोगी अभ्यासक्रम आहे, पण तो पदविका आहे, पदवी नाही. एम.टेक.साठी गेट. त्याचे गुण तीन वर्षं ग्राह्य धरतात आणि गेट उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्यांना एआयसीटीईकडून महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातही गेट देता येते. पण आयआयटीतल्या बहुतेक एम.टेक. अभ्यासक्रमांना चार वर्षांची पदवी किंवा त्यानंतर केलेली एम.एस्सी. अथवा एमसीए लागते. म्हणजे आधी एम.एस्सी., मग गेट, मग एम.टेक. अशी वाट उघडी आहे. ती लांब आहे, पण शेतकऱ्याच्या मुलाला शिष्यवृत्तीच्या बळावर चालता येण्यासारखी आहे.

आता दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा अधिक बोचतो. हे सगळं मी सांगते, पण कधी?

तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात सांगितलेली गेटची माहिती खरी असते, पण निरुपयोगी असते. गेटचा अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात भरावा लागतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. सीयूईटी-पीजीची तारीखही तोवर उलटून गेलेली असते. निमसेट जूनच्या सुमारास असते, पण तिच्यासाठी पदवीला सर्वसाधारणपणे ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए हवा आणि पदवीच्या विषयांत गणित किंवा संख्याशास्त्र हवं. ५८ टक्क्यांवर थांबलेल्या मुलाला ही अट शेवटच्या सत्राच्या निकालानंतर कळून काय उपयोग? त्याला पहिल्या सत्रात कळली असती, तर दोन टक्के त्याच्या हातात होते. गणिताचं तर आणखी मागे जातं. पदवीच्या पहिल्या वर्षी विषय निवडताना "गणित अवघड जातं" म्हणून ते सोडणाऱ्या मुलीला आपण कोणती दारं लावून घेत आहोत, हे ठाऊक नसतं. त्या क्षणी मला ठाऊक असतं. एमसीएच्या नियमांत गणिताची अट पुढेमागे सैल झाली, तरी प्रवेश परीक्षेतलं गणित काही सुटत नाही.

हेच सांगणारं एक उदाहरण आमच्या अंगणातलंच आहे. विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली. पुढे ती संगणक क्षेत्रात गेली आणि जगभर पसरली. बी.एस्सी., बीसीए झालेल्यांना नोकरीत घेऊन, कामासोबत एम.टेक. करवणारी तिची योजना आहे. अमळनेरच्या मुलाला हे जमणं सर्वांत साहजिक वाटावं. पण या योजनेच्या पात्रतेतही पदवीला गणित असण्याची अट घातली गेली आहे. म्हणजे एका विषयाच्या निवडीवर सरकारी संस्था, केंद्रीय विद्यापीठ आणि घराजवळ जन्मलेली कंपनी, या सगळ्यांची दारं अवलंबून राहतात. ती निवड मूल अठराव्या वर्षी, बहुधा कुणालाही न विचारता करतं. विचारायला घरात कुणी नसतं. ते कुणीतरी मी असायला हवं.

कागदपत्रांचंही तसंच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. कॅप राउंडमध्ये यातलं एक वेळेत नसलं, तर हक्काची जागा किंवा फीची सवलत हातची जाते. मुलाने तहसीलला आणि सेतू केंद्रात खेटे घालायचे ते प्रवेशाच्या आठवड्यात घालून भागत नाही. हे सांगायला विशेष विद्वत्ता लागत नाही. योग्य महिन्यात आठवण करून देणारं माणूस लागतं.

तिसरा प्रश्न मुलींचा आहे. "जळगावातच जे आहे ते कर," असं घरचे म्हणतात, तेव्हा त्यांच्या काळजीचा मला अनादर करायचा नाही. पण घरच्यांचा हा आग्रह आमच्या विभागाच्या सोयीचा असतो, हेही मी विसरता कामा नये. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. एमसीए करू इच्छिणाऱ्या मुलीच्या वडिलांसमोर मी हा निर्णय ठेवला, तर चर्चा पैशावरून हलते आणि वसतिगृह, प्रवास, सुरक्षितता यांवर येते. त्यांवर निदान बोलता येतं. वडिलांचं मन वळवणं माझ्या अधिकारात नाही, पण त्यांना पूर्ण माहितीवर निर्णय घेता यावा, हे माझ्या अधिकारात आहे.

चौथा प्रश्न दयेचा. घरी अहिराणी बोलणारं, इंग्रजी वाक्य जुळवताना घाम फुटणारं मूल पाहिलं की "तू त्या परीक्षेच्या नादी लागू नको, उगाच निराश होशील," असं म्हणावंसं वाटतं. हे बोलणं प्रेमाचं वाटतं. पण त्या मुलाच्या वतीने नापास होण्याचा निर्णय मीच घेऊन टाकलेला असतो. निराशा सोसण्याचा हक्क त्याचा आहे. माझं काम त्याला पूर्वीच्या प्रश्नपत्रिका देणं, रोज एक इंग्रजी उतारा वाचून घेणं आणि निकाल त्याच्या मेहनतीवर सोडणं.

याची उलट बाजूही तपासायला हवी. विद्यार्थी आयआयटीत गेला की कॉलेजच्या फाटकावर त्याचा फ्लेक्स लागतो आणि शिक्षकांचाही मान वाढतो. त्या मानासाठी मी कुणाला पुढे ढकलत नाही ना? आजारी आईजवळ राहणं भाग असलेल्या, किंवा शिकता शिकता एखाद्या दुकानाचा हिशेब सांभाळून घर चालवणाऱ्या मुलासाठी इथली एम.एस्सी. हीच सर्वांत योग्य असू शकते. तसं असेल तर मी ती अभिमानाने सुचवेन. मूल कुठे जातं, यावर माझ्या सल्ल्याचा प्रामाणिकपणा मोजता येत नाही. त्याने निवडताना त्याच्यासमोर किती वाटा होत्या, यावर तो मोजावा लागेल.

या तपासणीतून माझ्यासाठी एक काम ठरलं आहे. माझा सल्ला आता तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर सुरू होणार नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात, गणित ठेवायचं की सोडायचं हे ठरण्याआधी, मी परीक्षा, त्यांच्या अटी, अर्जाचे महिने आणि लागणारे दाखले फळ्यावर लिहीन. त्यात आमचा विभाग इतर सर्व पर्यायांच्या रांगेत, त्याच आकाराच्या अक्षरांत असेल. दरवर्षी ऑगस्टमध्ये ही यादी सीईटी कक्षाच्या आणि विद्यापीठाच्या ताज्या नियमांशी ताडून दुरुस्त करीन, कारण जुना नियम सांगणं हेही चुकीचं सांगणंच आहे. यामुळे आमच्या काही जागा रिकाम्या राहिल्या, तर विभागाच्या बैठकीत त्याचं कारण मी उभं राहून सांगेन. मला ठाऊक असूनही न सांगितलेल्या अटीमुळे एखाद्या मुलीचं वर्ष गेलं, तर तिच्यापुढे सांगायला माझ्याकडे कुठलंच कारण नसेल.