भीमाचा वाटा

व्यायाम करणारा तरुण दिवसातून चार वेळा, तेही पदार्थ तोलून आणि त्यांतील प्रथिनांचा हिशेब ठेवून खाऊ लागला, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात जी अस्वस्थता उत्पन्न होते, ती केवळ खर्चाच्या विवंचनेतून आलेली नसते. तिच्या मुळाशी एक जुना आणि आदरणीय संस्कार असतो. ज्या समाजाने मिताहाराला तपाची प्रतिष्ठा दिली, ज्याच्या पंचांगात एकादशी, प्रदोष, चतुर्थी असे उपवासाचे दिवस ओळीने मांडलेले आहेत, आणि ज्याच्या संतांनी देहाचे नाशिवंतपण परोपरीने बजावले, त्या समाजात स्नायू वाढावेत एवढ्यासाठी वारंवार भोजन करणे हे साधन मानावयाचे की देहासक्तीचे नवे रूप मानावयाचे, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. तो आहारशास्त्राचा आहेच. पण त्याआधी तो धर्माचा आहे, आणि त्याचे उत्तर धर्माच्याच भूमीवर उभे राहून दिले पाहिजे.

आक्षेपाचे बळ प्रथम पुरतेपणी मान्य करू. बौद्ध भिक्षूंच्या विनयात माध्यान्ह टळल्यावर भोजन निषिद्ध आहे; व्रतस्थ जैन श्रावक सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही, आणि एकासणे करणारा दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवून उठतो; मनुस्मृतीने दोन भोजनांच्या मध्ये खाण्याला मनाई केली आहे; आणि आधीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा जेवणे हे आयुर्वेदाने व्याधीचे कारण ठरविले आहे. या नियमांची प्रयोजने निरनिराळी आहेत. जैनांचा नियम अंधारात नकळत होणारी जीवहिंसा टाळतो, वैद्यांचा नियम जठराग्नी राखतो, भिक्षूंचा नियम निर्वाहाचा भार हलका ठेवतो, आणि स्मृतीचा नियम दिनचर्येला वळण लावतो. तथापि या सर्वांचा मथितार्थ एकच, की मनुष्याने जिव्हेच्या हुकमतीखाली राहू नये. खाण्याची इच्छा झाली की खावे, ही मुभा कोणत्याही धर्ममार्गाने कोणालाही दिलेली नाही.

परंतु याच परंपरेच्या दप्तरात दुसराही एक मजकूर आहे, आणि तो आपण फारसा उघडून वाचीत नाही. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात घासांचे प्रमाण सांगितले आहे, ते असे : मुनीला आठ, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस, आणि ब्रह्मचाऱ्याला मात्र मर्यादा नाही. विद्यार्थिदशेत असलेल्या, वाढत्या वयाच्या, गुरुगृही पाणी भरणाऱ्या आणि समिधा आणणाऱ्या मुलाच्या घासांची गणती धर्मशास्त्र करीत नाही, एवढेच सांगून सूत्रकार थांबत नाही. ओझे वाहणारा बैल, अग्निहोत्री आणि ब्रह्मचारी या तिघांचे कार्य खाऊनच सिद्धीस जाते, न खाता ते सिद्धीस जाणे नाही, असेही तो बजावतो. संयमाचे शास्त्र सांगणाऱ्यानेच बैलाला आणि विद्यार्थ्याला एका पंक्तीत बसवावे, यात त्याची जी दृष्टी प्रकट होते ती अत्यंत निर्मळ आहे. घास किती घ्यावेत हे देहाच्या हौसेवरून ठरत नाही आणि तपाच्या हौसेवरूनही ठरत नाही. ज्याच्या खांद्यावर जे ओझे आहे त्यावरून ते ठरते.

उपनिषदांनी हीच गोष्ट अधिक खोलात जाऊन सांगितली. छांदोग्यात आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्नावाचून केवळ पाण्यावर राहावयास सांगतो, आणि सोळाव्या दिवशी त्याला ऋचा, यजू आणि सामे म्हणावयास सांगतो. तेव्हा बारा वर्षे वेदाध्ययन करून विद्वत्तेच्या अभिमानाने घरी परतलेल्या त्या तरुणाला एकही मंत्र आठवत नाही. मग तो जेवतो, आणि गेलेली विद्या परत येते. खाल्लेल्या अन्नाच्या स्थूल भागाचा मल होतो, मध्यम भागाचे मांस होते आणि सूक्ष्मतम भागाचे मन होते, असे त्याच प्रकरणात सांगितले आहे. तैत्तिरीयात तर वरुणपुत्र भृगूला तपाच्या पहिल्या पायरीवर अन्न हेच ब्रह्म म्हणून प्रतीत होते. पुढे तो आनंदापर्यंत चढून जातो, हे खरे, पण अन्नाची निंदा करू नये आणि अन्न पुष्कळ पिकवावे ही व्रते त्यानंतरच सांगितलेली आहेत. अन्नत्यागाने अस्थिपंजर झालेल्या सिद्धार्थाने सुजातेच्या हातची खीर स्वीकारली, आणि मध्यम मार्गाचा उपदेश करणारा बुद्ध त्या खिरीनंतरचा आहे, हेही येथे विसरता येत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर तालमींनी दिले. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयामुळे मल्लविद्येचे माहेरघर बनलेल्या आणि १९१२ साली खासबागेसारखे विस्तीर्ण कुस्तीमैदान लाभलेल्या कोल्हापुरात आहाराला साधनेचे शिस्तबद्ध रूप आले. रात्री भिजत घातलेले बदाम पहाटे एकेक करून सोलावयाचे, खसखस, बडीशेप आणि काळी मिरी घालून ते कुंडीत लिंबाच्या दांडक्याने गंधासारखे एकजीव होईपर्यंत घोटावयाचे, आणि जोर-बैठकांनी व मातीतल्या झोंबीने निथळलेल्या अंगाने ती थंडाई प्राशन करावयाची, हा तेथील शिरस्ता. त्यापुढे दूध आणि तूप, दोन वेळचे जेवण, आणि ज्याला चालते त्याला मटण व अंडी. मात्र हा खुराक कोणी आपल्या मर्जीने वाढवीत नाही. मेहनत पाहून वस्ताद तो ठरवून देतो, आणि मेहनत सुटली की खुराकही कमी करावयास लावतो. मातीत शिरताना मारुतीला नमस्कार करणाऱ्या त्या मल्लाच्या दृष्टीने थंडाईचा पेला हा उपासनेचाच एक भाग असतो.

आधुनिक विज्ञानाने या अनुभवात काय भर घातली, तेही पाहिले पाहिजे. रुडॉल्फ शोएनहाइमर या शास्त्रज्ञाने नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची खूण लावून अन्नाचा शरीरातील प्रवास शोधला, आणि १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून असे निष्पन्न झाले, की जे मांस आपण स्थिर आणि आपले म्हणून समजतो ते अहोरात्र मोडत आणि नव्याने घडत असते. क्षणिकवादी तत्त्वज्ञांनी चिंतनाने मांडलेल्या सिद्धांताच्या फार जवळ प्रयोगशाळा येऊन पोहोचली, ती अशी. शिवाय चरबीची शिल्लक शरीर महिनोन्महिने बाळगते, पण प्रथिनांसाठी त्याच्यापाशी वेगळे कोठार नाही. गरजेपुरते वापरून उरलेले ते जाळते आणि त्यातील नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणजे या एका द्रव्याच्या बाबतीत देहच अपरिग्रही आहे. संपत्तीप्रमाणे ते साठविता येत नाही. ते रोज मिळवावे लागते, आणि श्रमाने त्याला कामाला लावावे लागते, कारण व्यायामावाचून नुसत्या खाण्याने मल्ल घडत नाही.

प्रमाणाचा हिशेब असा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सामान्य प्रौढासाठी शरीराच्या दर किलोस दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. बलवर्धक व्यायाम करणाऱ्यास सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. ऐंशी किलो वजनाच्या तरुणाला हे प्रमाण १२८ ग्रॅम होते, आणि चार भोजनांत वाटले तर प्रत्येकी ३२ ग्रॅम पडते. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, तितक्याच शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ही आकडेवारी पाहिली म्हणजे एका बैठकीत एवढे सर्व पोटात घालणे किती कठीण आहे आणि खुराकाची विभागणी करण्याची प्रथा का पडली, हे सहज ध्यानात येते. तथापि वेळांच्या संख्येत काही गूढ सामर्थ्य आहे, असे मात्र नाही. व्यायामानंतर एकाच वेळी घेतलेल्या १०० ग्रॅम प्रथिनांचा उपयोग शरीर बारा तासांहून अधिक काळ करीत राहते, असे नेदरलंडमधील मास्त्रिख्त येथील संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले. दिवसाची बेरीज प्रधान, वाटणी गौण.

या निष्कर्षाचे धार्मिक महत्त्व माझ्या मते फार मोठे आहे. भोजनाच्या वेळा हा नियमाचा विषय आहे आणि अन्नाचे परिमाण हा गरजेचा विषय आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच व्रतस्थ आणि बलोपासक एकमेकांकडे संशयाने पाहतात. एकासणे करणाऱ्याने आपल्या एका ताटात डाळ, दूध आणि दाणे यांची पुरेशी तजवीज केली तर त्याच्या व्रताने त्याचे बळ हिरावून घेतले जाणार नाही. चार वेळा खाणारा मल्ल चारही वेळा नेमस्त राहिला तर त्याला अजितेंद्रिय म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. अहिंसाव्रताचीही गोष्ट अशीच. धान्यात जे उणे ते डाळीत मिळते आणि डाळीत जे उणे ते धान्यात, म्हणून वरणभात किंवा उसळ-भाकरी यांच्या जोडीला दूध असले तर शाकाहारी मल्लाला आपले व्रत मोडण्याचे कारण पडत नाही. गीतेने अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला योग सारखाच दुर्लभ ठरविला, आणि युक्त आहाराच्या जोडीला लगेच कर्मातील युक्त चेष्टा सांगितली. शास्त्रविरहित घोर तपाने देहाला कृश करणाऱ्यांची गणना तर तिने आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे.

तरीही प्रश्नाचा शेवटचा पदर उरतोच. मिळविलेले बळ कोणासाठी? याचे उत्तर महाभारतातील एकचक्रा नगरीत सापडते. पाच पांडव भिक्षा मागून आणीत, आणि कुंती तिचे दोन भाग करी : अर्धा भाग एकट्या भीमाला, आणि उरलेल्या अर्ध्यात चार भाऊ व ती स्वतः. समान वाटणी म्हणजेच न्याय असे मानणाऱ्याला यात पक्षपात दिसेल. पण त्या नगरीवर बकासुराचे संकट होते, आश्रयदात्या ब्राह्मणाच्या घरावर बळी देण्याची पाळी आली, आणि त्या वेळी कुंतीने ज्याला अर्धे अन्न दिले होते त्यालाच पुढे पाठविले. भीम आणि बक हे दोघेही प्रचंड खाणारे होते. दोघांच्या भुकेत फारसे अंतर नव्हते; अंतर होते ते खाल्लेल्या अन्नाच्या परतफेडीत. बकाने गावाकडून गाडाभर अन्न वसूल केले आणि ते वाहून आणणारा माणूसही खाल्ला; भीमाने भिक्षेचे अर्धे अन्न खाल्ले आणि गाव राखला. अलीकडच्या काळातही मल्ल असाच लोकांच्या वाट्यावर उभा राहिलेला दिसतो : १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक कुस्तीत कांस्यपदक मिळविणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. मल्लाच्या दंडात अनेकांच्या ताटातला घास असतो, ही जाणीव ज्याला आहे त्याचा आहार यज्ञशेष आहे. आरशापुढे उभे राहून स्वतःच्याच देहाची पूजा करणाऱ्याचे बळ दिसावयास तेवढेच असले तरी ते बकाच्या पंक्तीतले आहे.

आणि कुंतीचे उदाहरण घ्यावयाचे तर ते पुरते घेतले पाहिजे. तिने वाटणी केली ती ओझे पाहून. आपल्या घरांत वाटणी होते ती बहुधा रूढीने : पातेल्यातले घट्ट वरण आधी पुरुषांच्या ताटात जाते, तळाशी उरलेले पातळ पाणी शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला येते, आणि गर्भिणीचे किंवा अंगावर पाजणाऱ्या मातेचे ओझे कोणी मोजीत नाही. उतारवयात स्नायू आपोआप झिजू लागतात, म्हणून वृद्धांना प्रथिने अधिक लागतात. तरी आजीची एकादशी जिच्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच अशा साबुदाण्यावर निभावते, आणि तिच्या दुधाच्या पेल्याची आठवण कोणाला राहत नाही. व्रत मोडा असे मी म्हणत नाही. त्याच फराळाला दाण्याची आमटी आणि वाटीभर दही यांची जोड द्या, म्हणजे धर्म राहील आणि देहही राहील.

माझा निर्णय मी स्पष्ट शब्दांत मांडतो. बलासाठी पुरेसे खाणे हे पाप नाही, वेळा मोजून खाणे हे पुण्य नाही. श्रमावाचून खाणे आणि दुसऱ्याला उपाशी ठेवून खाणे हा मात्र दोष आहे, मग तो एकदा खाणाऱ्याकडून घडो वा चारदा खाणाऱ्याकडून. तालमीत जाणाऱ्या तरुणांनी आपला खुराक निःशंक मनाने घ्यावा, आणि तो घेण्यापूर्वी घरात शेवटी कोण जेवते हे पाहून तिचे ताट आधी वाढावे.