वेदीसमोरची आळी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात नवीन माणूस भेटला की आम्ही तीन गोष्टी विचारतो: आळी कुठली, समाज कुठला, चर्च कुठलं. नंदाखाल, गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज, सांडोर, कुठूनही आलेला असो, एवढं कळलं की त्याच्या आजोबांची केळीची वाडी कुठे होती, त्याची मामी कुणाकडची आणि त्याच्या लग्नाला कोण कोण येईल याचा अंदाज बांधता येतो. नाव मागाहून विचारलं तरी चालतं. मी सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी समाजातली. जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, आणि शाळकरी वयापासून आमच्या चर्चच्या गायकवृंदात गाते. या तीन प्रश्नांनी मला घडवलं. याच तीन प्रश्नांनी माझ्या माणसांची कोंडी झालेलीही मी पाहिली आहे. ही कोंडी श्रद्धा करते की शेजार करतो? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आमच्याकडे माणसाला वेदी जितकी अडवत नाही, तितकी वेदीसमोर बसलेली आळी अडवते. वेदीवरून मात्र आळीला फारसं कुणी अडवत नाही.

हे असं का झालं, ते आमच्या इतिहासातच आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, चर्चेस उभी राहिली. धर्मांतरं झाली ती बहुतेक कुळाकुळांची, वस्त्यावस्त्यांची. त्यामुळे देव बदलला तरी पंगत तीच राहिली. कुपारी कुपाऱ्यांत, वाडवळ वाडवळांत, कोळी कोळ्यांत. एकाच चर्चच्या बाकांवर आम्ही शेजारी शेजारी बसत आलो, सोयरिक मात्र बाक बघून झाली नाही.

पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, बहुतेक पोर्तुगीज पाद्रीही गेले. पण आमचे पूर्वज ख्रिस्तीच राहिले. राजाच्या बळावर आलेला धर्म राजा गेल्यावर लोकांनी का टिकवला, याचा विचार फार कमी लोक करतात. तो टिकला आळीच्या बळावर. घराघरांत जपमाळ चालू राहिली, सणाला गावजेवण चालू राहिलं, मेलेल्याला खांदा द्यायला शेजार येत राहिला. आळीचा आमच्या श्रद्धेवर हक्क आहे तो इथून. मी तो नाकारत नाही. म्हणूनच पुढचं बोलणं अवघड आहे.

माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आजी वेदीकडे बघत आपली मराठी जपमाळ ओढत राही, आणि घंटी वाजली की मान लववी. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली आणि मग हळूहळू वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. मुंबईतले आमचे कित्येक धर्मबंधू तोवर इंग्रजीकडे वळले होते. तिथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी तर १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन असं नाव घेऊन आपली संघटनाही काढली होती. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे कंपनी सरकारच्या जुन्या चाकरीचा दाखला देऊन सांगायची त्यांना गरज वाटली. आम्ही वसईकर मात्र मराठीला धरून राहिलो. प्रार्थना मराठीत, भांडण सामवेदी बोलीत. ‘सुवार्ता’ मासिक घरोघरी येत असे. आमच्या वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल आजच्या मराठीत आणलं, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूला हे पद कशासाठी, असा विरोधही तेव्हा झाला. त्या दिवसांत आमच्या आळीत कुणी वाचक असो वा नसो, जो तो ताठ मानेने चालत होता. हे बळ मला समाजाने दिलं. मी एकटी असते तर ते कुठून आणलं असतं?

याच बळाची दुसरी आठवण पाण्याची आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. टँकरवाले रात्रंदिवस विहिरी उपसत होते, बावखलं, म्हणजे आमची गोड्या पाण्याची तळी, मातीने भरली जात होती, पानवेलीच्या वाड्यांत पाणी मचूळ लागायला लागलं. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि दिब्रिटो फादर पुढे झाले. हजारो माणसं रस्त्यावर उतरली. हिंदू शेजारी होते, मुसलमान शेजारी होते, पण निरोप पोचवायची व्यवस्था आमच्याकडे तयार होती: रविवारची मिस्सा. प्रवचनात विषय निघाला की दुपारपर्यंत गावाला ठाऊक. लाल लुगड्यातल्या बायका, ज्या आयुष्यात तलाठ्याशीही मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्या घोषणा देत होत्या. मीही त्यात होते. माणूस समूहात विरघळला की त्याचं स्वातंत्र्य जातं असं पुस्तकांत वाचते, तेव्हा मला त्या बायका आठवतात. समूहात शिरल्यावरच त्यांना आवाज फुटला होता.

आणि त्याच वर्षांत आमच्या शेजारच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने वाडी विकली. बायकोच्या आजारपणात कर्ज झालं होतं, दुसरं काही विकण्यासारखं नव्हतं. गावाने त्याच्याशी बोलणं तोडलं. त्याच्या घरच्या जपमाळेला कुणी गेलं नाही. मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणाला मांडव घातला आणि पाट रिकामे राहिले. आंदोलन न्याय्य होतं, आजही मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण त्या माणसाला औषधाच्या खर्चासाठी कुणी विचारलं नव्हतं, आणि जमीन विकल्यावर मात्र सगळ्या गावाने जाब विचारला. एका घराला वाळीत टाकून निसर्ग वाचत नसतो. चळवळीचं बळ आणि बहिष्काराचं बळ एकाच विहिरीतून येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्यांदा पाहिलं ते घरातच. माझ्या धाकट्या बहिणीने वाडवळ समाजातल्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा कॅथलिक, त्याच बिशपांच्या छत्राखालचा, आमच्यासारखाच तांदळाची भाकरी खाणारा. चर्चला हरकत घेण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. लग्नाची जाहिरात रीतसर तीन रविवारी वाचली गेली. फादरनी मनापासून आशीर्वाद दिले. पण काकांनी वडिलांना बोलावून सांगितलं, “तुझ्या पोरीचा संसार होईल, मागे आमच्या पोरींचं काय?” लग्नाच्या दिवशी आमच्या बाजूचे बाक अर्धे रिकामे होते. आई वेदीकडे न बघता त्या बाकांकडे बघत राहिली. पुढे कित्येक नाताळ तिने नातलगांकडे फराळाची ताटं पाठवली, आणि कित्येक ताटं न उघडता परत आली.

मी त्या वेळी फादरना विचारलं होतं, तुम्ही प्रवचनात दोन शब्द का बोलत नाही? ते भले माणूस होते. म्हणाले, “बाय, हा समाजाचा प्रश्न आहे, धर्माचा नाही.” हे वाक्य मी त्यानंतरही अनेक तोंडांतून ऐकलं आहे, आणि मला ते पटत नाही. पाण्याचा प्रश्न धर्माचा होता, तर हा कसा नाही?

निवृत्तीनंतर मी चर्चचा कायदा मुळातून वाचायला घेतला. १९८३ ची धर्मसंहिता आहे. तिचं २१९ वं कलम सांगतं की आयुष्यात कोणता मार्ग घ्यायचा, हे ठरवताना ख्रिस्ती माणसावर कोणतीही बळजबरी होता कामा नये, तो त्याचा हक्क आहे. २१२ वं कलम भाविकांना आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क देतं, आणि कधी कधी ते मांडणं कर्तव्यही ठरवतं. त्याआधी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून स्पष्ट केलं होतं की श्रद्धेच्या बाबतीत कुणालाही सदसद्विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये. परधर्मीयाशी लग्न करायचं झालं तरी बिशप परवानगी देऊ शकतात. मुलांना कॅथलिक संस्कार देण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचं असतं. त्या वचनाविषयी माझ्या मनात शंका आहेत, कारण संसारातल्या दुसऱ्या माणसाच्या विवेकाचं काय, हा प्रश्न त्यातून पुरता सुटत नाही. पण निदान तिथे वाट आहे. आमच्या आळीने वाटच ठेवलेली नाही. रोममध्ये लिहिलेलं पुस्तक आमच्या ओटीवरच्या बैठकीपेक्षा मोकळं आहे, याचं मला आधी नवल वाटलं आणि मग दुःख झालं. इतकी वर्षं हे आम्हाला वाचून का दाखवलं नाही?

चर्च लोकांपुढे हतबल असतं, असं मला कुणी सांगू नये. आणि लोक चर्चपुढे नेहमी मुकाट राहिले, असंही नाही. मुंबईत एकेकाळी दोन अधिकार शेजारी शेजारी नांदत होते. काही चर्चेस पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदोखाली, म्हणजे त्याच्या आश्रयाच्या हक्काखाली, काही थेट रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार खात्याखाली. श्रद्धा एक, संस्कार एक, फक्त निष्ठा वेगळी. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन दारं लावून बसले, कारण तिथले मुख्य धर्मगुरू चर्च पाद्रोआदोकडे नेऊ पाहत होते. बाहेर लोकांचा वेढा पडला, पंधरा दिवस तो चालला, अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं. ही दुही पुढे विसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले ते १९५० मध्ये. आमच्या वसईला स्वतःचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मिळाला. आपला बिशप, आपली भाषा, आपला प्रांत. तो आनंद मी अनुभवला आहे. पण “आपलं” म्हणताना कुणाला बाहेर ठेवलं, हे आम्ही कधी मोजलं नाही.

मोजायचं झालं तर आमच्याच संतापासून सुरुवात करावी लागेल. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर ते जपानला गेले, जिवापाड राबले, पण त्या संघात त्यांना घेतलं गेलं नाही. मग व्यापार केला, आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये ते संत ठरले, भारतात जन्मलेले पहिले संत. गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, त्यांच्या सणाला आम्ही सगळे जातो. ज्याला एका दारातून आत घेतलं नाही आणि ज्याने दुसरं दार शोधलं, त्या माणसापुढे आम्ही गुडघे टेकतो. त्याच्यासारखं दुसरं दार शोधणाऱ्या पोरीकडे मात्र पाठ फिरवतो.

मला सर्वांत जास्त छळतो तो दफनभूमीचा प्रश्न. लग्नात माणूस रुसवा सोसतो, दूर मिरा रोडला किंवा कॅनडाला जाऊन राहतो. मरणात तसं करता येत नाही. आमच्याकडे कबरीची जागा चर्चच्या आवारात असते. जे दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेले, नव्या प्रार्थनासभांना जाऊ लागले, त्यांना घरचे म्हातारे एकच वाक्य ऐकवतात: “मेल्यावर कुठे नेणार तुला?” या एका वाक्याने कितीतरी जण परत फिरतात. मन वळलेलं नसतं, फक्त भीती बसलेली असते. त्या पंथांची शिकवण मला मान्य नाही, आमच्या मारिया मातेविषयी ते जे बोलतात ते मला लागतं. तरीही भीतीने रविवारी बाकावर आणून बसवलेला माणूस प्रभूला हवा असेल, असं मला वाटत नाही. दुसऱ्या पंथातल्या, पण स्नानसंस्कार झालेल्या माणसाचा अंत्यविधी ठराविक परिस्थितीत आपल्या चर्चमध्ये करायची मुभा ११८३ व्या कलमात बिशपांना आहे. म्हणजे दयेची किल्ली आपल्याच हातात आहे.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो सगळ्या धर्मांच्या समाजांना लागू आहे, आम्हालाही. पण माझी आई कुणावर खटला भरणार होती? सख्ख्या दिरावर? ताटं परत आली म्हणून पोलिसात जाता येत नाही. कायदा उघड बहिष्काराला हात घालतो. न बोलण्याला, न येण्याला, पाट रिकामा ठेवण्याला तो पोचत नाही. तिथे पोचू शकते ती एकच गोष्ट, रविवारचं प्रवचन. ज्या प्रवचनाने एका दुपारी गाव रस्त्यावर आणलं, ते लोकांना एका लग्नाच्या मांडवात नक्की आणू शकतं.

म्हणून आमच्या धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळापुढे मी तीन मागण्या लेखी दिल्या आहेत. लग्नापूर्वीच्या शिबिरात २१९ वं कलम मराठीत वाचून दाखवावं, आणि ते तरुणांबरोबर त्यांच्या आईवडिलांनाही ऐकवावं. दुसऱ्या समाजात किंवा धर्मात लग्न केलेल्या घरांना सणाच्या मिरवणुकीचं आमंत्रण फादरांनी स्वतः जाऊन द्यावं. आणि दफनभूमीत, जिच्या कुटुंबाची माणसं तिथे पुरलेली आहेत, अशा कोणत्याही व्यक्तीला केवळ पंथ बदलला म्हणून जागा नाकारू नये, ठरवताना तिच्या घरच्यांचं म्हणणं ऐकावं. पहिल्या दोन मागण्यांवर फारशी चर्चा न होता माना हलल्या. तिसरीवर दोन बैठका वाद झाला आहे, आवाज चढले आहेत, आणि मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदाने माझ्याशी बोलणं बंद केलं आहे. विषय पुढच्या बैठकीतही घ्यावा, असं मी कळवलं आहे.