ओझे कोणाचे?
(गलतीकरांस पत्र 6:2–5)

पौल प्रेषिताने या अध्यायात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि वरवर वाचणाऱ्यास त्या परस्परविरुद्ध वाटतात. दुसऱ्या वचनात तो दुसऱ्याच्या ओझ्यास खांदा द्यावयास सांगतो. पाचव्यात म्हणतो की, ज्याचा भार त्यानेच उचलावयाचा. मग खरे कोणते? मुकुटबनच्या शेतकऱ्यास हे उलगडून सांगावयास शास्त्री नको. इर्जिकेस गावचे नांगर आपल्या शेतात येतात, घरधनी त्या दिवशी सर्वांस जेवू घालतो. तरी शेत ज्याचे त्याचेच राहते, आणि दुसऱ्याच्या पाळीस आपलीही बैलजोडी घेऊन जावे लागते.

जो केवळ घेत राहतो तो मनाने खंगतो. वणीवरून वर्धा नदी ओलांडून गेले की वरोरा लागते. तेथील मुरलीधर देवीदास आमटे या वकिलांनी एकदा भर पावसात तुळशीराम नावाचा मरणोन्मुख महारोगी पाहिला, आणि ते भयाने पळाले. त्या भयाची त्यांस इतकी लाज वाटली की ते परत फिरले व त्याची शुश्रूषा करू लागले. पुढे 1951 साली सहा रोगी घेऊन त्यांनी खडकाळ रानात आनंदवन वसविले. तेथे भिक्षा नव्हती, काम होते. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, धान्य पिकविले. आणि 1964 साली त्याच आनंदवनाने वरोऱ्यास महाविद्यालय काढिले. ज्यांच्या सावलीस लोक भीत, त्यांच्या दारी लोक आपली मुले शिकावयास पाठवू लागले!

आपल्या मंडळ्यांत काय होते? गरिबाच्या घरी आपण धान्य पोहोचवितो, परंतु त्याच्याकडे कधी काही मागत नाही. कापूस बुडाला, कर्ज डोक्यावर बसले, की या जिल्ह्यातला शेतकरी प्रथम चारचौघांत येणे सोडतो. कित्येकांनी पुढे जीवही दिला. अशा घरी उपदेशकाने वेळीच जावे. मी स्वतः एकदा “उद्या जाऊ” म्हणत दोन आठवडे घालविले, ते अजून बोचते. गेल्यावर वचन थोडे वाचावे, बसावे अधिक. आणि निघताना त्याला काही काम सांगावे. उपासनामंदिराचे कवेलू फेरावयाचे आहेत, शेजारच्या म्हातारीस वणीच्या दवाखान्यात न्यावयाचे आहे, तू सोबत ये.

बहुधा तो नाही म्हणेल. मंगळवारी पुन्हा जाऊन विचारावे.