दीक्षा देण्याचा अधिकार

१४ ऑक्टोबर १९५६ च्या सकाळी नागपुरात जे घडले, त्याचा क्रम नीट पाहिला पाहिजे. आधी कुशीनाऱ्याहून आलेल्या वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना धम्मदीक्षा दिली. मग बाबासाहेब समोरच्या लाखोंकडे वळले आणि ज्यांना बौद्ध व्हायचे आहे त्यांनी उभे राहावे, असे म्हणाले. अख्खे मैदान उभे राहिले. त्यांना दीक्षा दिली ती अंगावर भिक्षूचे चीवर नसलेल्या, नुकत्याच बौद्ध झालेल्या एका गृहस्थाने. दुसऱ्या दिवशी भाषण संपवताना त्यांनी जाहीर केले, की प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे.

धर्मांतर म्हटले की आपण काय सोडले आणि काय धरले याची चर्चा करतो. मला या शेवटच्या घोषणेचे मोल फार मोठे वाटते. धर्माचा अधिकार आपल्याकडे जन्माने मिळत आला, नाहीतर गादीने. तो ज्याच्याकडे असे, तो जपून ठेवी. इथे तो मिळताक्षणी वाटून टाकला गेला, आणि तोही अशा माणसांना, ज्यांना पिढ्यान् पिढ्या देवळाच्या पायरीशी अडवले गेले होते.

यामागे दीर्घ विचार होता. येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची. नागपूरची दीक्षा त्यानंतर २१ वर्षांनी. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला होता. नियम काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व मात्र माणसाला तोलायला लावते, आणि तोलून केलेल्या कृतीची जबाबदारीही त्याच्यावरच टाकते. हुकूम पाळणारा कदाचित चुकणार नाही, पण त्याचे बरे वागणे त्याचे स्वतःचे नसते. ज्याने हुकूम दिला, त्याचे ते असते.

यावर श्रद्धावान माणूस रास्त प्रश्न विचारतो: वर बघणारा कुणी नसेल, तर माणूस नीतीने का वागेल? प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण आपल्या गावगाड्याकडे पाहा. देवाला भिणारी, नवस फेडणारी, दारी आलेल्या भावकीला जेवल्याशिवाय जाऊ न देणारी माणसे दुसऱ्या वस्तीतल्या तहानेल्याला वरून पाणी ओतत होती. त्यांच्याकडे नीती नव्हती असे कसे म्हणावे? होती, पण ती जातीच्या कुंपणाशी थांबत होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब नेमके यावर बोट ठेवतात. गटापुरती नीती चोरांतही असते. नीती पवित्र हवी आणि ती सर्वांसाठी एकच हवी, असा त्यांचा आग्रह आहे. धम्मात ईश्वराची जागा त्यांनी नीतीला दिली ती याच अर्थाने.

म्हणून श्रद्धा नीतीला मारकच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसलेले साने गुरुजी भक्तच होते. आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा खराटा घेऊन गावे झाडत, रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारून बोलते करत, आणि आपल्याला कुणी शिष्य नाही असे सांगत. या दोघांचे शब्द लोकांनी मानले, कारण ते लोकांना आपल्यापाशी बांधून ठेवत नव्हते. श्रद्धेला नैतिक वजन येते ते इथून.

नागपुरात दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. त्या ‘मी’ म्हणून घ्यायच्या आहेत. काही नाकारण्याच्या आहेत, काही माणसे समान मानण्याच्या, काही चोरी, खोटे आणि दारूपासून दूर राहण्याच्या. त्या मोडल्या तर नरक मिळेल अशी धमकी त्यांत नाही. लाखोंच्या साक्षीने स्वतः दिलेला शब्द, एवढेच त्यांचे बळ. हे बळ नाजूक आहे, पण घेणाऱ्याला ते मोठे करते. ज्याच्या शब्दाला गावात किंमत नव्हती, त्याच्याच शब्दावर इथे धर्म उभा केला गेला.

या दीक्षेच्या स्मरणदिनी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर हे आजही दिसते. डोक्यावर वळकटी घेऊन आलेली म्हातारी पुस्तकांच्या दुकानापुढे उकिडवी बसते, नातवाकडून एकेक नाव वाचून घेते आणि कनवटीचे पैसे सोडून पातळशी पुस्तिका विकत घेते. तिला स्वतःला वाचता येत नाही. तरी वाचणे हा आपला हक्क आहे, हे तिने ओळखले आहे.

बाबासाहेबांवरच्या याच श्रद्धेत एक धोकाही आहे, आणि त्याचा इशारा बाबासाहेबांनीच दिला होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले, की धर्मातली भक्ती कदाचित मोक्षाला नेईल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडेच नेते. त्यांचा फोटो लावणे सोपे आहे. त्यांच्या नावाने घोषणा देऊन आपल्याच पोटजातीत सोयरीक शोधणे त्याहून सोपे. पण ज्यांनी अधिकार वाटून टाकला, त्यांनाच सगळा अधिकार परत वाहून आपण हात जोडून बसलो, तर ती त्यांची अवज्ञा ठरेल.

प्रत्येक धर्माच्या माणसाने आपल्या गुरूला, ग्रंथाला, महाराजांना हा प्रश्न विचारावा: तुमच्यामुळे माझी स्वतः तोलण्याची ताकद वाढते की घटते, आणि कुंपणापलीकडचा माणूस तुमच्या हिशेबात माझ्याएवढाच भरतो का? उत्तर ऐकून घेण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्यापाशी सत्ता असेल, गर्दी असेल. नैतिक अधिकार नसेल. आणि ज्याला दीक्षा देण्याचा अधिकार मिळाला आहे, त्याने आधी आपला शब्द पाळून तो अधिकार कमवावा. ते काम कुणीही आपल्या वतीने करून देणार नाही.