आधी आलेले

आमच्या वसईत 'बाहेरचे' हा शब्द फार सैल वापरतात. माझ्या लहानपणी स्टेशनच्या पलीकडे राहणारा माणूसही बाहेरचा असे. पुढे इमारती आल्या आणि 'फ्लॅटवाले' हा त्याहून जरा तिखट शब्द आला. बाजारात भाव वाढला की फ्लॅटवाल्यांमुळे, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही ती फ्लॅटवाल्यांमुळे, विहिरीचं पाणी मचूळ झालं तेही फ्लॅटवाल्यांमुळेच. यातलं शेवटचं बरंचसं खरं होतं. पहिली दोन गाऱ्हाणी करणारे स्वतः सकाळची विरार लोकल पकडूनच मुंबईला कामाला जायचे.

पाण्याचं आधी सांगायला हवं, कारण वसईतला सगळा विरोध तिथूनच उगवला. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची, पश्चिमेला समुद्र. तिन्ही बाजूंनी खारं पाणी असलेल्या या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. पावसाचं पाणी रेताड जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर हलक्या सायीसारखं तरंगून राहतं. विहीर ती साय काढते. बेताने काढली तर वर्षभर पुरते, हावरटपणे ओढली तर खालचं खारं वर येतं. एकदा आलं की पुन्हा गोडं व्हायला कितीतरी पावसाळे लागतात.

म्हणून जुन्या लोकांनी वाडीवाडीत बावखलं खणली. बावखल म्हणजे नुसतं तळं नव्हे. खणलेली माती टाकून बागायतीची जमीन उंच करायची, खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं, ते हळूहळू मुरून शेजारच्या विहिरीत उतरायचं. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, पुढे पंप. त्या पाण्यावर राजेळी केळी, पानवेली, मोगरा, चाफा. केळ्यांची सुकेळी व्हायची, फुलांच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने दादरला जायच्या. गंमत अशी की बावखल एकाच्या जागेत असलं तरी पाणी मुरायचं दहा जणांच्या विहिरीत. सातबाऱ्यावर नाव एकाचं, उपयोग आळीचा. असल्या वस्तूची मालकी कशी सांगायची, हे कुठल्याच कायद्यात नीट लिहिलेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तालुक्यातली पुष्कळ जमीन बांधकामाला मोकळी झाली. १९९० मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चे निघाले, चर्चमधून निघाले तसे देवळांच्या अंगणातूनही निघाले. एरवी लग्नाकार्यापुरते भेटणारे कुपारी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी एका रस्त्यावर चालले. टँकर अडवले गेले. विहिरींचं पाणी उपसून नव्या इमारतींना विकणाऱ्या त्या टँकरांचा राग आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो. मात्र टँकर भरायचे ते आमच्याच कुणाच्या तरी विहिरीवर. हे मोर्च्यात कुणी मोठ्याने बोलत नसे.

आमच्या आळीतल्या नानांनी वाडी विकली तेव्हा चार महिने कुणी त्यांच्या ओट्यावर बसलं नाही. नाना गप्प बसणारे नव्हते. एकदा चारचौघांत म्हणाले, "मुंबईवाल्यांना पान खायला पायजे म्हणून मी कंबरेचा काटा मोडू काय? पोरगा बँकेत लागला, तो काय शिपणं करणार? तुमाला हिरवी वसई बगायची हाय ना, मग माझी वाडी तुमी शिपा." कुणालाच उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, आमच्या सगळ्या चळवळीला विचारला गेलेला सर्वांत अवघड प्रश्न तोच होता. शेतकऱ्याने शेतकरीच राहावं, असं त्याच्यावर लादायचा हक्क कुणाला आहे? शहराला शुद्ध हवा हवी, गावाला बालपणीचं गाव हवं, आणि दोन्हीची किंमत एकट्या नानांच्या पाठीने मोजायची, हा न्याय नव्हे.

पण नानांनी विकलं ते फक्त नानांचं नव्हतं. वाडीच्या कोपऱ्यातलं बावखल भराव टाकून बुजवलं गेलं आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत खालच्या तीन विहिरी खारावल्या. त्या तिघांना पैसे मिळाले नाहीत, कुणी विचारलंही नाही. मग त्यांनीही विकलं. तेव्हा नाना चूक की बरोबर असं मला अजून एका शब्दात सांगता येत नाही. जमीन विकण्याचा त्यांना हक्क होता, पाणी विकण्याचा नव्हता. व्यवहारात मात्र दोन्ही एकाच साठेखतावर गेलं.

आणि आले ते कोण? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तसे गिरणगावातले कितीतरी संसार नालासोपारा-विरारला आले. लालबाग-परळमधली खोली सोडून, मिळालेले पैसे घालून, वर हप्ते डोक्यावर घेऊन. साताऱ्याकडचे, कोकणातले, पुढे उत्तरेकडचे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. यातला एकेक माणूस काही आमची विहीर आटवायला आला नव्हता. त्याला डोक्यावर छप्पर हवं होतं आणि मुंबईत ते त्याच्या ऐपतीबाहेर गेलं होतं. 'आम्ही आधी आलो' एवढ्यावर त्याला दार लावता येईल?

आधी येण्याचाच हिशोब करायचा तर तो आमच्यापाशी थांबत नाही. तुंगारेश्वराच्या पायथ्याचे आदिवासी आमच्या आधीचे. त्यांच्यातल्या कित्येकांनी दुसऱ्यांच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राबून काढल्या. वेठबिगारीविरुद्ध श्रमजीवी संघटना याच तालुक्यात उभी राहिली, ती उगाच नव्हे. हिरवी वसई हिरवी होती, पण ती सगळ्यांना सारखी हिरवी नव्हती.

पुढे सूर्या धरणाचं पाणी नळाने आलं आणि टँकरांचा जोर थोडा ओसरला. आमच्याकडे आनंद झाला. पण ते धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या शेतीला पाणी द्यायला बांधलेलं. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आपलं पाणी शहरांकडे वळवू नका म्हणून आंदोलनं केली. टँकर अडवताना जे शब्द आम्ही वापरले होते, तेच शब्द. फरक एवढाच की या खेपेला पाणी पिणारे आम्ही होतो. मोर्च्यातली जुनी मंडळी यावर बोलायचं टाळतात. त्यांना दोष देववत नाही, तहान लागल्यावर माणूस नळाचं मूळ शोधत बसत नाही.

२००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली. गावं पुन्हा रस्त्यावर आली. २९ गावं वगळायचं ठरलं आणि प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं रखडलं. ते कागद सांगत बसलो तर पुस्तक संपेल.

जुलै २०१८ च्या पावसात मात्र सगळा हिशोब पाण्यानेच मांडला. रूळ बुडाले, वीज गेली, मिठागरातली माणसं अडकून पडली. पूर्वी जे पाणी बावखलांत, खाजणांत, मिठागरांत पसरायचं, त्याला जायला जागा उरली नव्हती. ते तळमजल्यावरच्या गिरणी कामगाराच्या घरात शिरलं आणि आमच्या कौलारू घराच्या ओटीवरही चढलं. चार दिवस दोघं एकाच पाण्यात उभे होतो. त्यात कोण आधीचा आणि कोण नंतरचा हे ओळखू येत नव्हतं.

तेव्हापासून कुणी 'बाहेरच्यांना' शिव्या द्यायला लागला की मी त्याला एकच विचारतो, "तुझं बावखल आहे की बुजवलंस?" माणसं येऊ नयेत म्हणून केलेला विरोध मला पटत नाही. जिथे पाणी मुरतं तिथे भराव नको, हा विरोध पटतो, आणि तो करणाऱ्याने आपल्या कुंपणाच्या आतही पाळावा. नानांसारख्याला तो पाळता यावा म्हणून आळीने, गावाने, सरकारने त्याच्या बावखलाचं काही मोल द्यायला हवं होतं. ते कुणी कधी मांडलंच नाही. घोषणा देणं त्या मानाने सोपं होतं.

मागच्या उन्हाळ्यात नानांच्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीतली दोन माणसं आमच्याकडे आली. पंचवीस वर्षं इथे राहतात, मुलं इथेच वाढली. शेजारच्या रिकाम्या जागेत मोठा टॉवर येणार म्हणे, त्याविरुद्ध अर्जावर सह्या गोळा करत होते. "आत्ताच पाणी पुरत नाही हो, त्यात ही बाहेरची गर्दी आली तर आम्ही जायचं कुठे?" बाई कळवळून म्हणाल्या. मी अर्ज नीट वाचला. त्या जागेच्या टोकाला एक अर्धवट बुजलेलं बावखल आहे, त्याचा अर्जात उल्लेख नव्हता. म्हटलं, ते घाला, मग सही करतो. त्यांना ते बावखल आहे हेच माहीत नव्हतं. डबकं समजत होते, डासांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन बघायला गेलो. मे महिना, तरी तळाशी कमरेएवढं पाणी होतं. बाईंनी ओंजळीत घेऊन चाखलं.

"गोडं आहे की!" त्या म्हणाल्या.